कुलूप नसलेलं बेट

ऑकलंडला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा तिरितिरी मातांगी नावाच्या बेटावर जाण्याचा योग आला. बोटीत चढण्यापूर्वीच बुटांचे तळवे ब्रशनं घासायला लावले. पिशव्यांत उंदीर, मुंग्या, बिया नाहीत ना, हेही पाहायला सांगितलं. मला जरा अतीच वाटलं!

बेटावर उतरल्यावर कारण कळलं. जेमतेम 220 हेक्टरचं हे बेट शेती आणि मेंढ्यांपायी पार उघडंबोडकं झालं होतं. 1984 ते 1994 या दहा वर्षांत सामान्य माणसांनी बोटीनं येऊन इथं अडीच लाखांवर झाडं लावली. रोपवाटिका सांभाळली ती दीपगृहाच्या शेवटच्या रखवालदारानं. चूकही झाली. पोहुतुकावा हे एकच झाड फार लावलं गेलं. त्याच्या दाट सावलीत दुसरं काही रुजेना, म्हणून पुढे विरळणी करावी लागली.

1993 मध्ये बेटावरचे उंदीर संपवले. न्यूझीलंडच्या पक्ष्यांना अशा शिकाऱ्यांची सवयच नाही. ताकाहेला तर उडताही येत नाही. 1948 मध्ये पुन्हा सापडेपर्यंत नामशेष समजला गेलेला हा निळा पक्षी माझ्या बुटांपाशी निवांत गवत खुडत होता.

अशी बेटं सहसा माणसांना बंद ठेवतात. हे मुद्दाम उघडं ठेवलं. धोकाही त्यातच! एखादी गाभण उंदरीण पिशवीतून आली, तरी सगळं पाण्यात.

वाट दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या, बिनपगारी स्वयंसेवक. ‘‘हे मी लावलेलं,’’ म्हणत त्यांनी एका खोडावर हात ठेवला. त्याचा शेंडा पाहायला मला टोपी काढावी लागली.