समुद्रतळावरच्या धुराड्यांतलं सोनं

समुद्रतळावरून आणलेल्या धुराड्याचा तुकडा करवतीने आडवा कापला, की आतल्या नळीभोवती पिवळीधमक कड चमकते. पाहणाऱ्याला सोनंच वाटावं. पण ते असतं चाल्कोपायराइट. तांबं, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. सर्वांत तप्त पाणी याच नळीतून वर आलेलं असतं. सोनं बहुधा बाहेरच्या, तुलनेने थंड थरात असतं, जस्ताच्या काळपट स्फॅलेराइटबरोबर, आणि इतक्या बारीक कणांत की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

अशी धुराडी माणसाने पहिल्यांदा पाहिली १९७९ मध्ये. मेक्सिकोजवळ, पूर्व प्रशांत पर्वतरांगेवर २१ अंश उत्तर अक्षांशाला ‘अ‍ॅल्विन’ ही पाणबुडी उतरली, तेव्हा तळातून सुमारे ३५० अंश सेल्सिअसचं काळंभोर पाणी उसळत होतं. समुद्राचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, शिलारसाच्या जवळ जाऊन तापतं, आम्लधर्मी होतं आणि खडकातले धातू विरघळवून घेतं. वर येऊन दोन अंशांच्या गार पाण्याला भिडताच सल्फाइडचे कण क्षणात सुटे होतात. धूर दिसतो तो या कणांचा. यातले पुष्कळसे धातू पाण्याबरोबर दूर वाहून जातात. धुराड्यांत आणि त्यांच्या बुडाशी साचणाऱ्या टेकडीत साठतो तो उरलेला भाग.

सोन्याची तऱ्हा वेगळी. ते मुख्यतः गंधकाच्या संयुगाचा हात धरून पाण्यात विरघळलेलं राहतं. खोल पाण्यात दाब इतका असतो, की ३५० अंशांनाही पाणी उकळत नाही. तळ उथळ असेल तर ते उकळतं, हायड्रोजन सल्फाइड वायू निसटतो आणि सोन्याचा आधार सुटतो. पापुआ न्यू गिनीतल्या लिहीर बेटाच्या दक्षिणेला कोनिकल सीमाउंट हा बुडालेला ज्वालामुखी आहे. त्याचा माथा जेमतेम हजार मीटर खोल. तिथल्या एका नमुन्यात टनामागे २३० ग्रॅमपर्यंत सोनं सापडलं. लिहीर बेटावरच लादोलामची प्रचंड सोन्याची खाण आहे, हे ध्यानात घेतलं की या आकड्याची फारशी नवलाई उरत नाही.

पण असे आकडे वाचताना माझं मन धास्तावतं, कारण नमुना म्हणजे साठा नव्हे. अटलांटिकमधल्या ‘टॅग’ टेकडीत १९९४ मध्ये छिद्रं पाडली, तेव्हा सोनं आणि जस्त वरच्या काही मीटरांतच एकवटलेलं आढळलं. खाली बहुतेक पायराइट आणि अ‍ॅनहायड्राइट. पोटातून सतत वर येणारं गरम पाणी आधी बसलेलं सोनं पुन्हा विरघळवतं आणि कवचाकडे ढकलतं. वरवरचा तुकडा उचलून अख्ख्या टेकडीचा भाव ठरवला, तर फसगत ठरलेलीच.

पापुआ न्यू गिनीच्याच बिस्मार्क समुद्रातल्या ‘सोलवारा-१’ या साठ्याचा हिशेब करून पाहावा. खोली सुमारे १६०० मीटर. नॉटिलस मिनरल्स कंपनीला २०११ मध्ये खाणकामाचा परवाना मिळाला. कंपनीच्या अंदाजात टनामागे ५ ते ६ ग्रॅम सोनं आणि ७ ते ८ टक्के तांबं होतं. जमिनीवरच्या कितीतरी खाणींना हेवा वाटावा अशी ही प्रत! पण एकूण खनिज जेमतेम २५ लाख टन. म्हणजे सोनं सुमारे १५ टन. भारत वर्षाला सातशे-आठशे टन सोनं आयात करतो; धनत्रयोदशीला आपल्या सराफांकडे लागणाऱ्या रांगांच्या देशाला ते एखादा आठवडा पुरेल. ब्रिटनमध्ये यंत्रं तयार झाली, पण चीनमधलं जहाज पुरं झालंच नाही आणि २०१९ मध्ये कंपनी बुडाली. पापुआ न्यू गिनीच्या सरकारचे सुमारे १२ कोटी डॉलर त्यात गेले. त्या गरीब देशाने हा पैसा उभा केला होता, याचं मला फार वाईट वाटतं.

आता भारतही या शोधात आहे. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेबरोबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवरच्या जिवंत धुराड्याची छायाचित्रं टिपली. ही मोठीच कामगिरी आहे. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २०१६ चा एक आणि हिंदी महासागरातल्याच कार्ल्सबर्ग रांगेसाठी २०२५ चा दुसरा, असे प्रत्येकी दहा हजार चौरस किलोमीटरचे करार झाले आहेत. ते शोधापुरते आहेत, उत्खननाचे नाहीत.

याच महासागरात, मध्य हिंदी महासागरी रांगेवरच्या ‘कैरेई’ धुराड्यांजवळ २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले आहेत. जगात तिची ठिकाणं मोजकीच, म्हणून समुद्रतळावरच्या खाणकामाच्या धोक्यापायी २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींत झाली. जिवंत धुराड्यांना हात लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. करारातली वर्षं विझलेल्या टेकड्यांवर खर्चावीत. त्या धूर सोडत नाहीत, त्यामुळे शोधायला कठीण. पण चुंबकीय मापनातून आणि खडकातल्या नैसर्गिक विद्युत विभवातून त्यांचा माग लागतो. मग तिथे छिद्रं पाडून वरच्या कवचाखाली नेमकं किती टन आणि काय आहे, हे मोजावं.