घाटात गाडी का तापते? जुनी गाडी असणाऱ्यांसाठी

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच आहे, फक्त मधले "अं, हां" काढलेत.

आधी आमच्या घरचा किस्सा. 2006 ची मारुती 800. मार्च संपत आलेला, शेवटच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर. आम्ही तेलगावहून धारूर घाट चढून अंबाजोगाईला निघालो होतो. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ओव्हरटेकला जागा नाही, पहिला-दुसरा गिअर, एसी चालू. टेम्परेचरचा काटा वर सरकला, लाल पट्टीला टेकला आणि थोड्या वेळानं चक्क खाली आला! मी म्हटलं, चला, थंड झाली. धारूर यायच्या आत गाडी बंद. हेड वाकलं, गॅस्केट उडालं.

तो काटा खाली का आला, ते मला नंतर कळलं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी उडून गेलं की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा खाली पडतो. इंजिन मात्र आतून भाजत असतं. त्यामुळे वर गेलेला काटा अचानक खाली आला तर खुश होऊ नका, गाडी तिथंच बंद करा.

आता पाणी करतं काय? पंप ते इंजिनात फिरवतो, तिथली उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये येतं आणि वाऱ्यानं थंड होतं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा वॉल असतो, तो साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडतो. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी 100 ला न उकळता 118 च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला, आणि मग घाटात उकळी. अख्ख्या सिस्टीममधली ही स्वस्तातली वस्तू, पण तिच्याकडं कुणी बघत नाही.

म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाईप हाताला गार लागला पाहिजे. मग जाड फडकं टाकून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

गॅरेजला जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी तापते कधी? बीडच्या बसस्टँडसमोर ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला नीट चालते, तर संशय फॅनवर. एसी लावून बोनेट उघडा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर बघा. बोलेरो-सुमोसारख्या गाडीत इंजिनवर फिरणारा फॅन असेल, तर त्याचा बेल्ट आणि क्लच बघा. उलट, वेगात किंवा चढाला तापते, तर रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा वॉटर पंप (गॅरेजवाले त्याला वॉटर बॉडी म्हणतात) दमलाय. पाणी रोज कमी होतंय पण खाली थेंब नाही, तर जपा. ऑईलची काडी काढून बघा. ऑईल दुधाळ दिसलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहिला किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर गॅस्केट गेलंय.

आणि आपल्याकडचा खरा आजार वेगळाच आहे: बोअरचं पाणी. घरातल्या बादलीवर, गिझरच्या कॉईलवर जो पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी तापलं की क्षार सुटतात आणि चिकटतात. वर्षानुवर्षं "जरा पाणी टाक रे" म्हणत बोअरचं, टँकरचं पाणी ओतलं की अर्ध्या नळ्या बंद. आमच्या गाडीचा रेडिएटर कापून बघितला तेव्हा आत अक्षरशः चुना होता. थंडीत काही कळत नाही. पारा चाळिशी पार गेला आणि समोर घाट आला की कळतं. कूलंट आणि बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरा. कूलंट फक्त थंडीसाठी असतं, हा गैरसमज आहे. ते गंज रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं.

अजून एक. काही मेकॅनिक म्हणतात, "वॉल काढून टाकू, प्रॉब्लेमच मिटला." थोडे दिवस मिटल्यासारखा वाटतो. पण मग इंजिन लवकर तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो. नवा वॉल टाकायला सांगा. जुना बदलायचा की नाही ते ठरवायचं असेल तर तो पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडा. उघडला नाही तर गेला.

घाटात काटा नेहमीपेक्षा वर जायला लागला तर आधी एसी बंद करा, काचा खाली घ्या. हीटर असेल तर फुल लावा. घामाघूम व्हाल, पण तो इंजिनची उष्णता आत ओढतो. जागा मिळाली की बाजूला घ्या. वाफ नसेल तर न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटं चालू ठेवून काट्यावर नजर ठेवा. वाफ दिसली किंवा काटा चढतच राहिला, तर लगेच बंद.

डिकीत पाच लिटर साधं चांगलं पाणी, एक फडकं आणि होज पाईपची एक क्लिप असू द्या. अडल्या वेळी पिण्याच्या बाटलीतलं पाणीही चालतं, घरी आल्यावर ते काढून कूलंट भरा.

पुढच्या भागात ब्रेक. घाट उतरताना लागतात ते.