सोबत्यांची निवड आणि संगणकातील एजंट

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत आले. परंतु त्याने कोणाबरोबर अभ्यास करावा हा प्रश्न कायद्याने सुटण्यासारखा नव्हता. तो गुरुजींच्या नजरेवरच सोपविलेला असे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. पाणीगेटच्या आतील घरे एकमेकांस खेटून उभी. तरी मूल फोनसमोर एकटेच बसले. शिक्षकांना पडद्यावर बहुधा नुसती नावे दिसत. कोण अडला आहे आणि त्याला कोण समजावून सांगू शकेल, हे कळावे कसे?

यावर संगणकशास्त्रज्ञांनी आधीच एक उपाय शोधला होता. त्याचे नाव ‘बुद्धिमान एजंट’. विम्याचा एजंट आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करतो तो एजंट. येथे मात्र तो मनुष्य नसून संगणकातील आज्ञावली असते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात प्रा. लीन-कियाट सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात ‘आय-माइंड्स’ नावाची अशी व्यवस्था उभारली. तीत प्रत्येक विद्यार्थ्यास एक एजंट, प्रत्येक गटास एक आणि शिक्षकांनाही एक. विद्यार्थ्याचा एजंट त्याच्या कामाचे टिपण ठेवतो. काम चांगले झाले की खात्यावर लुटुपुटीचे पैसे जमा होतात, आणि पुढच्या वेळी गट जुळविताना एजंट त्या पैशांनी बोली लावतात.

लिलाव म्हटला की डावपेच आलेच. म्हणून येथे विल्यम व्हिक्री यांनी १९६१ साली मांडलेली रीत वापरतात. सर्वांत मोठी बोली जिंकते, पण द्यावे लागतात दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे. समजा, ५०, ४० व ३० अशा बोली आल्या. तर ५० वाला जिंकेल आणि ४० देईल. त्यामुळे मनातली खरी किंमत सांगण्यातच ज्याचे त्याचे हित असते.

येथवर सारे ठीक. परंतु एजंटास टिपणात आलेले तेवढेच दिसते. घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. अशा घरचे मूल आळसाने उत्तर देत नाही की फोनअभावी, हे त्यास उमगत नाही. पैसे कमी म्हणून बोली लहान, बोली लहान म्हणून चांगली सोबत नाही, आणि सोबत नाही म्हणून पुन्हा पैसे कमी. सावकारी कर्जासारखेच हे चक्र होय.

म्हणून गट कशासाठी करावयाचा, हे आधी माणसाने ठरविले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहात व जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. त्या काळी मुलांना ‘सोबती निवडा’ असे सांगितले असते, तर बहुतेकांनी आपल्याच जातीचा निवडला असता. नुसत्या आवडीवर चालणारा एजंटही तेच करील. भाऊरावांनी आधी हेतू ठरविला, मग पंगत मांडली.

तेव्हा आपल्या मुलाचा गट संगणकाने जुळविला असे कळल्यास पालकांनी शाळेत तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाची कोणती माहिती टिपली जाते? गट ठराविक काळाने बदलतात काय? आणि संगणकाचा निर्णय फिरविण्याचा अधिकार शिक्षकांकडे आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर एजंटाने हिशेब खुशाल ठेवावा.