मद्य न घेणारा मद्यपी

पडद्यावर झोकांड्या खाणारे जॉनी वॉकर मद्यास स्पर्शहि करीत नसत, हें सहसा कोणास खरें वाटत नाहीं. त्यांचें मूळ नांव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. मुंबईस बसगाडीवर कंडक्टर असतां ते आपल्या विनोदी ढंगानें उतारूंची करमणूक करीत. बलराज सहानींनीं हा गुण हेरला. पुढें गुरुदत्तांसमोर त्यांनीं दारुड्याची हुबेहूब बतावणी केली. 'बाझी' (१९५१) मध्यें काम मिळालें आणि एका विलायती मद्याचें नांवहि चिकटलें.

तोल सुटल्याचें सोंग आणावयाचें तर नटाचा स्वतःचा तोल पक्का असावा लागतो. 'प्यासा' (१९५७) मधील तेलमालिशवाला अब्दुल सत्तार त्यांनीं याच संयमानें रंगविला. त्या शोकपूर्ण कथेंत तो हंसवितो; परंतु नायकाच्या दुःखाची थट्टा करीत नाहीं. उलट, वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेल्या नायकास सोडविण्यासाठीं तोच धांवतो. 'मधुमती' (१९५८) मधील भूमिकेबद्दल त्यांना सहाय्यक नटाचें फिल्मफेअर पारितोषिक लाभलें. २००३ सालीं ते निवर्तले.

विनोदी नटास दुय्यम लेखण्यापूर्वीं हा संयम ध्यानीं घ्यावा, इतकेंच सांगणें आहे.