काळ्या गादीतली पांढरी रेघ

गुडघ्याच्या एमआरआयमध्ये बाजूने घेतलेले छेद पाहिले असता मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या फटीत दोन काळेभोर त्रिकोण एकमेकांकडे टोके करून बसलेले दिसतात. बोलीत जिला गुडघ्याची गादी म्हणतात आणि वैद्यकात मेनिस्कस, त्या चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेची ही पुढची व मागची बाजू होय. गंमत अशी की ही गादी कोरडी नाही. तिच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि एमआरआय टिपतो तो मुख्यतः पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा, म्हणजे प्रोटॉनांचा, संदेश. १.५ टेस्ला क्षमतेच्या चुंबकात हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा भोवऱ्यासारखे डुलतात, त्याच वारंवारतेच्या रेडिओलहरींचा धक्का बसताच एका लयीत येतात, आणि धक्का थांबल्यावर त्यांच्याकडून येणारा क्षीण संदेश विरण्याआधी यंत्राला तो पकडावा लागतो. गादीतले पाणी मात्र कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंत इतके जखडलेले असते की यंत्र ऐकू लागेपर्यंत त्याचा संदेश विझून गेलेला असतो. म्हणून ती काळी.

तंतू फाटले की फटीत सांध्यातला द्रव शिरतो, त्यातल्या मोकळ्या पाण्याचा संदेश टिकून राहतो आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. ही रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत, आणि तीही शक्यतो दोन छेदांत, पोचलेली दिसली तरच तज्ज्ञ तिला खात्रीने फाट म्हणतात. आतच राहिलेला पांढुरका डाग बहुधा झिजेचा असतो.

कबड्डीत पाय रुतून गुडघा पिळवटला आणि पुढचा क्रूसबंध, म्हणजे दोन्ही हाडांना जखडणारा आतला पट्टा, तुटला, तर त्या क्षणी हाडे एकमेकांवर आदळून मज्जेत जो मुका मार बसतो, तो एक्स-रेत दिसत नाही. चरबीचा संदेश दाबून काढलेल्या एमआरआयमध्ये मात्र तो पुढे कित्येक आठवडे उजळ डागांच्या रूपाने दिसत राहतो.

पण गादीत दिसलेली फाट दुखण्याचे कारण असतेच असे नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे गुडघे तपासले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. फिनलंडमधील संशोधकांनी तर झिजेने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या गादीचा फाटका भाग दुर्बिणीने काढला आणि उरलेल्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम पडलेला होता.