नर्मदेपलीकडची पाठवणी

उन्हाळ्यात डोंगरावर जाण्याची चैन आम्हा लष्करकरांच्या अंगवळणी पडलेली नाही. वाळ्याचे पडदे भिजवावेत, कैरीचे पन्हे प्यावे, लू वाहू लागली की दारे लावून घ्यावीत आणि रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे टाकावीत, हीच आमची थंड हवा. परंतु थोरल्या मुलीचे लग्न नागपूरकरांकडे ठरले आणि व्याह्यांचे पत्र आले, "बुवा, ज्येष्ठात तुमचे ग्वाल्हेर काय नि आमचे नागपूर काय, दोन्ही भट्ट्याच. मधल्या वाटेवर पचमढीस कार्य करू."

जागा त्यांनी नेमकी काढली होती. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीस मुक्काम हलवीत असे. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पचमढी आमच्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. तरी महाशिवरात्रीस विदर्भातले यात्रेकरू खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवास येतात ते येतातच.

सामान बांधताना घरात एका वस्तूवरून वाद झाला. ती म्हणजे अण्णांची वही. आमचे तीर्थरूप दरबारी गवई होते. गुरुमुखातून मिळालेल्या चिजा त्यांनी एका जाड वहीत उतरून ठेवल्या होत्या आणि ती वही उंबरठ्याबाहेर जायची नाही, असा त्यांचा दंडक होता. मुलीचे गाणे मीच तयार केले आहे. वही तिला द्यावी असे माझ्या मनात होते. आत्या मात्र कडाडल्या, "मुलगी परक्याची, विद्या घराची! अण्णाने मला कधी समोर बसवले का? मग आता ही रीत का मोडायची?"

मी उत्तर दिले नाही. वही माझ्या ट्रंकेत गेली खरी, पण द्यायची की नाही, हे माझे मलाच ठरेना.

झाशी, भोपाळ मागे पडले. बुधनी सोडल्यावर नर्मदेचा पूल आला, तसे सारे खिडकीशी झाले. बायकांनी हात जोडले, पोरांनी नाणी टाकली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीस छावणी टाकली आणि तिचेच आपले लष्कर झाले. तुमचे आमचे पूर्वज ही नदी ओलांडून असेच कोणाच्या ना कोणाच्या मागून वर आले. आज आमची मुलगी उलट वाटेने चालली होती. आत्यांनी पदराने डोळे टिपले. इटारसीस नागपूरची मंडळी भेटली, दोन्हीकडची गठुडी एकत्र झाली आणि पिपरियाहून मोटारीने आम्ही घाट चढलो.

पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. सालाची दाट राने, जटाशंकराच्या गुहेतला गारवा, संध्याकाळी धूपगडावरून दिसणारा सूर्यास्त, सारे पाहून झाले. मला मात्र एका गोष्टीचे अप्रूप वाटले. लष्कराच्या बँडवादकांचे शिक्षण येथे होते. एके सकाळी फिरायला गेलो असता दुरून कोणी एकच स्वरपंक्ती पुनःपुन्हा वाजवताना ऐकू आले. चुकायचे, थांबायचे, पुन्हा आरंभायचे. भाषा निराळी, वाद्य निराळे; पण मास्तराला रियाझ ओळखू येतोच! ही मंडळी कागदावरून वाजवतात. आपल्याकडेही भातखंड्यांनी चिजा लिपीत बांधून क्रमिक पुस्तकांतून सर्वांस खुल्या केल्या. १९१८ साली माधव संगीत विद्यालय त्यांच्याच पद्धतीवर येथे निघाले, हे ग्वाल्हेरकरांस सांगायला नको. मग माझ्या ट्रंकेतली वही कोणापासून लपवायची?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बैठक ठरली. नेमका वळीव कोसळला. गारव्याने तंबोऱ्याच्या तारा चढल्या, ओलाव्याने तबल्याची पुडी उतरली. ग्वाल्हेरीच्या कोरड्या हवेत मिळवून आणलेली वाद्ये एकमेकांशी बोलेनात. अर्धा तास हातोडी आणि खुंट्या यांतच गेला.

मुलीने कामोद धरला. आपल्या गायकीत अस्थाई-अंतरा स्वच्छ आणि पुरा म्हणायचा, मग विस्तार. अस्थाई झाली, आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीस ती अडखळली. मीही गडबडलो, वहीतले ते पान पाण्याने पुसले गेले आहे आणि ती ओळ मी अंदाजानेच शिकवली होती. तोच मागून, बायकांच्या बाजूने, थरथरता पण सुरेल आवाज आला. आत्या! ओळ पुरी करून त्या समेवर नेमक्या आल्या. मुलीने मागे वळून पाहिले, तीच ओळ तशीच उचलली आणि गाणे पुढे चालले.

बैठक संपल्यावर मी विचारले, "आत्या, हे कुठून आले?"

"दाराआडून," त्या म्हणाल्या. "अण्णा शिकवायचा, मी पोळ्या लाटायची. आजवर कोणी विचारलेच नाही."

मला बोलवेना. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "दे तिला ती वही. दाराआड राहिलेली विद्या माझ्याबरोबरच गेली असती."

फरुखाबादच्या तबलियांत सांगतात की, हाजी विलायत अली खाँ यांना सासऱ्यांनी, लखनौच्या बक्षू खाँनी, हुंड्यात गती दिल्या होत्या. आपली गायकीही एकदा अशीच नर्मदा उतरली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पायपीट करीत ग्वाल्हेरीस आले, वासुदेवबुवा जोशांपाशी शिकले आणि ती विद्या दक्षिणेत घेऊन गेले. पुढे त्यांच्या विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तेव्हा ग्वाल्हेर काही ओस पडले नाही!

पाठवणीच्या वेळी लुगड्यात गुंडाळलेली वही मी मुलीच्या हाती दिली. व्याही म्हणाले, "बुवा, आमच्या घरी संध्याकाळी तंबोरा लागेल, हा शब्द." शब्द ते पाळतील, असे वाटते.

परतीच्या वाटेवर नर्मदेवर पुन्हा नाणे टाकले. ट्रंक हलकी झाली होती. घरी आल्यापासून रोज तिन्हीसांजेला आत्यांसमोर कोरी वही घेऊन बसतो आहे. त्या गातात, मी उतरून घेतो. आजवर अकरा चिजा झाल्या. त्यांतल्या चार अण्णांच्या वहीत नव्हत्या.