पत्र्याखालचं भाडं

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीभोवतालच्या वारली पाड्यांत कुडाची घरं अजून दिसतात. कारवीच्या काठ्यांची भिंत, तिच्यावर शेणमातीचं लिंपण, वर कौलं नाहीतर पेंढा. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून कुडाच्या फटींतून येणारा वारा इथे जाड भिंतीपेक्षा मोलाचा.

खरं काम मात्र छप्पर करतं. पेंढ्याच्या काड्यांत हवा अडकून राहते आणि स्थिर हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. वीतभर जाडीच्या कोरड्या पेंढ्यातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, चौरस मीटरमागे जेमतेम अर्धा वॉट उष्णता आत येते. साध्या पत्र्यातून येते पाच-सहा वॉट. शिवाय तापलेला पत्रा खालच्या माणसावर थेट उष्णता फेकतो. पंख्याने ती अडत नाही. थंडीत उलटं होतं. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही गार पडतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूला जमलेलं दव अंथरुणावर ठिबकतं.

पेंढा दरवर्षी शाकारावा लागतो, पेटतोही. लोक पत्र्याकडे वळले त्यात त्यांची चूक नाही. प्रश्न आहे तो डहाणू-तलासरीत पत्र्याच्या खोल्या भाड्याने घेणाऱ्यांचा. छप्पर मालकाचं, उकाडा भाडेकरूचा. खर्च करावा असं मालकाला वाटणार कशाला?

केंद्राच्या 2018 च्या इको-निवास संहितेत घराच्या छपरासाठी वरच्याच मापात 1.2 वॉटची मर्यादा आहे. पेंढा तिच्यात सहज बसतो, उघडा पत्रा चौपट-पाचपट बाहेर जातो. पण ही संहिता किमान 500 चौरस मीटर भूखंडावरच्या नव्या इमारतींसाठी. महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा मालकावर दुरुस्तीची जबाबदारी टाकतो, पाणी-वीज तोडू देत नाही. उष्णतेबद्दल मात्र गप्प आहे. इंग्लंडमध्ये 2018 पासून नव्या भाडेकरारासाठी घराचा ऊर्जादर्जा किमान ‘ई’ लागतो. तिथे चिंता थंडीची, पण तत्त्व आपल्यालाही लागू पडतं: राहण्याजोगं घर देणं ही मालकाची जबाबदारी.

सुरुवात महागडी नाही. पावसाळा सरला की पत्र्यावर शेवाळ आणि काजळी धरते, तो काळवंडतो आणि जास्त ऊन शोषतो. उन्हाळ्याआधी तो घासून पांढरा चुना मारला, तर बरंचसं ऊन परत फिरतं. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची चटई ताणली आणि वर दोन्ही टोकांना झरोके ठेवले, तर तापलेली हवा मधल्यामध्ये बाहेर पडते, अंगावर येणारी धगही चटई अडवते. हा चुना, ही चटई भाडेकरारात मालकाच्या खर्चाने लिहिली गेली पाहिजे.